डावीकडचे शब्द

पोशीरच्या छायाला एक खोड आहे. दुसऱ्याच्या हातातलं काम तिला बघवत नाही. कुणी कांदा चिरत बसलं की ही म्हणणार, आण इकडं. कुणी सुईत दोरा ओवतंय, आण इकडं. तिचा नवरा हिरामण तर चारचौघांत सांगतो, की लग्नात माझ्या हातातला हारसुद्धा हिनं ओढूनच घेतला होता, मी उशीर करतोय म्हणून. बाई वाईट नाही हो. उलट जीव लावणारी. पण ज्याला जीव लावील त्याच्या हाताला काम म्हणून शिल्लक ठेवायची नाही.

ही छाया घरी बसून कॉम्प्युटरचं काम करते. खोपोलीचे युनूसभाई कारखान्यांना ट्रक वजन करायचे काटे बसवून देतात. काट्याचं वजन कॉम्प्युटरवर उमटवायचं, त्याची पावती छापायची, हा सगळा प्रोग्राम छायाचा. बारा वर्षं झाली. माडीवरच्या खोलीत दोन टेबलं आहेत. खिडकीजवळचं तिचं आणि भिंतीजवळचं तिच्या धाकट्या जावेचं, प्रियाचं.

जावाजावांचं कसं असतं ते मी काय सांगायचं? तुम्हीही कुठल्यातरी घरातच वाढलात. पण ह्या दोघींचं असं मेतकूट, की सासूबाईंना त्याचीच काळजी. "भांडा गं कवातरी," चंद्राबाई म्हणायच्या. "लोकांना वाटंल मीच दोघींना धाकात ठेवलंय."

प्रिया लोधिवलीची. बीएस्सी झालेली. तीन वर्षांपूर्वी सुनीलशी लग्न करून घरात आली, आणि महिन्याभरात दुपारची भांडी आटोपली की माडीवर येऊन छायाच्या खुर्चीमागं उभी राहायला लागली. हे काय, ते काय, असं का? छायाला विचारणारं माणूस कधी मिळालंच नव्हतं. हिरामणला कॉम्प्युटर म्हणजे वीजबिल वाढवणारी वस्तू. तिनं लगेच दुसरी खुर्ची ओढली, "बस" म्हणाली, आणि शिकवणी सुरू झाली.

सगळं जमलं, गिट मात्र जमेना. आता गिट म्हणजे काय, तर तोही एक प्रोग्रामच. आपण जे लिहितो त्याची पायरीन् पायरी तो जपून ठेवतो. काल काय होतं, आज काय बदललं, कुणी बदललं, सगळं. दोघी एकाच कामावर असल्या की त्याच्यावाचून भागत नाही. पण त्याच्याशी बोलायचं काळ्या पडद्यावर, इंग्रजी हुकूम टाइप करून, आणि एक अक्षर चुकलं की तो खेकसतो. प्रियानं पहिल्या दिवशी तीनदा खेकसून घेतलं. चौथ्यांदा ती उठूनच उभी राहिली.

"मला नाय जमायचं ताई. त्यापेक्षा केमिस्ट्री बरी होती."

"शब्दांना घाबरतेस होय?" छाया म्हणाली. "मग शब्द बदलू. त्यात काय एवढं?"

आणि खरंच बदलता येतात. गिटची एक लहानशी फाईल असते, ज्याच्या त्याच्या मशीनवर. तिच्यात एकेका ओळीवर डावीकडं आपला शब्द लिहायचा, मधे बरोबरचं चिन्ह, आणि उजवीकडं खरा हुकूम. मग आपण डावीकडचं लिहिलं की तो उजवीकडचं काम करतो. छायानं विचारलं, "भात कापून सुकलं की मग काय करतो आपण?"

"वेचायचं, भारे बांधायचे, खळ्यावर धाडायचे," प्रिया म्हणाली. हे काय विचारणं झालं?

"बस्स. गिटपण तेच करतो."

बदललेल्या फाईली गोळा करायच्या तो हुकूम झाला 'वेच'. त्यांची एक पायरी पक्की करायची तो 'बांध'. युनूसभाईंच्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवायची तो 'धाड'. तिथलं इकडं घ्यायचं तो 'आण'. काय चाललंय विचारायचं तो 'बघ', काय बदललं ते दाखवणारा 'फरक', आणि अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवायचं तो 'फळी', कारण घरात अर्धवट राहिलेली प्रत्येक वस्तू फळीवरच जाते. सात शब्द. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, पण पोशीरचे. त्या दिवशी संध्याकाळी प्रियानं आपल्या हातानं पहिल्यांदा वेचलं, बांधलं, धाडलं, आणि गिट खेकसला नाही. ती जिना उतरून खाली गेली ती सासूबाईंना मिठी मारूनच थांबली. चंद्राबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनीही मिठी मारून घेतली.

हे शब्द मग घरात रुळले. जेवायची वेळ झाली की चंद्राबाई खालून ओरडायच्या, "बांधलं का गं काम? बांधलं असलं तर या."

दोन वर्षं अशी गेली. छायाच्या लक्षात यायला लागलं होतं, की ही पोरगी काट्याच्या पावत्यांपुरती नाही. बुद्धी पळते तिची, आणि युनूसभाईंकडं पळायला अंगण लहान. म्हणून ऐरोलीच्या एका कंपनीची जाहिरात दिसली तेव्हा छायाच म्हणाली, आण इकडं, आणि प्रियाचा अर्ज तिनं स्वतः भरला. प्रिया नुसती बघत होती. अर्ज गेला, फोनवर बोलणं झालं, तेही पार पडलं. आता सोमवारी तिकडं बोलावलं होतं. त्यांच्या मशीनवर बसून चार तास काम करून दाखवायचं. जमलं तर नोकरी.

त्याच्या आधीच्या गुरुवारी खोपोलीत घोटाळा झाला.

नवीन काट्याचं काम होतं म्हणून दोघी सुनीलच्या टेंपोतून युनूसभाईंच्या ऑफिसात गेल्या होत्या. युनूसभाई म्हणाले, माझ्याच लॅपटॉपवर बसा. प्रिया बसली, आणि बसल्या बसल्या हात गेले तसं तिनं लिहिलं, गिट बघ. गिटनं उत्तर दिलं, की बघ नावाचा कुठलाही हुकूम मला ठाऊक नाही. प्रिया थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मागं युनूसभाई उभे होते. दिलदार माणूस, पण हसू आलं की लपवता येत नाही. "छायाताई, ही तर तुमच्या गावची बोली बोलतेय गिटशी," ते म्हणाले. "सोमवारी ते ऐरोलीवाले काय पोशीरचे हायेत?"

प्रिया काहीतरी लिहायला परत कीबोर्डवर हात ठेवतच होती, एवढ्यात छायानं तो ओढून घेतला. "आण इकडं. मी करते." आणि तिनं पुढचं सगळं काम स्वतः केलं, प्रियाकडं न बघता.

आता जे सांगायचं ते छायानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण आपल्याला सांगायला हरकत नाही.  आपण लाडानं शब्द बदलले आणि पोरीला पांगळं करून ठेवलं, खरं नाव एकही शिकवलं नाही, आता चार दिवसांवर परीक्षा आणि हिच्या हातात काय, तर वेच आणि बांध. हे तिला वाटलं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, तिला दुसरंच काहीतरी वाटून गेलं होतं. तिला बरं वाटलं होतं. येत नाही ना हिला, मग जाणार नाही. भिंतीजवळचं टेबल रिकामं होणार नाही. एवढंसं वाटलं आणि गेलं, पण वाटलं ते वाटलं. स्वतःची तिला इतकी लाज वाटली की परत येताना टेंपोत तिनं प्रियाचा हात घट्ट धरून ठेवला.

"ताई, ऐक ना, मला जरा..." प्रिया म्हणाली.

"गप. तू काय घाबरू नको. मी शिकवते. तीन दिवस आहेत."

"अगं पण ताई..."

"शिकवते म्हटलं ना."

मग काय विचारता. शुक्रवारी सकाळी माडीवर पाठांतर सुरू. छायानं कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठकोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत यादी केली. वेच म्हणजे काय? ॲड. बांध म्हणजे? कमिट. धाड? पुश. फळी? स्टॅश. प्रियाला एकदा सांगितलं की येत होतं. कधीकधी तर सांगायच्या आधीच येत होतं. छायाला वाटलं, शिकवणारीही तशीच पाहिजे. माणसाला स्वतःचं कौतुक करायची संधी आली की दुसरं काही दिसत नाही, ते असं.

घोडं अडलं ते हाताशी. तोंडानं प्रिया सगळं बरोबर सांगायची, पण मशीनवर बसली की बोटं आपली 'बघ' न् 'वेच'. दोन वर्षांची सवय ती. छाया मागं उभी राहून दर वेळी च्च च्च करायची, आणि प्रिया हसून ते खोडायची. शनिवारी दुपारपर्यंत छायाचा धीर संपला.

शनिवारी दुपारी प्रिया लोधिवलीला गेली. कॉलेजची मार्कशीट माहेरी राहिली होती, ती आणायला. माडीवर छाया एकटी. समोर प्रियाचा लॅपटॉप उघडा. आणि हिच्या डोक्यात आलं, की मुळात शब्दच नसले तर बोटं तिकडं जातील कशाला? बाळाचा अंगठा सुटावा म्हणून त्याला कडुलिंब लावतात, त्यातलाच प्रकार.

एकेक शब्द काढायची रीत असते गिटमधे. पण एकेक कोण काढत बसणार? तिनं ती फाईलच उघडली. उघडल्यावर तिला ती जरा लांबलचक वाटली. सात ओळींची असायला हवी होती, ही पडद्याच्या खालीपर्यंत गेलेली. असेल काहीतरी मशीननं आपलं आपण लिहिलेलं, असं म्हणून तिनं नावापत्त्याच्या वरच्या दोन ओळी ठेवल्या, बाकी सगळं एका दमात निवडलं आणि पुसून टाकलं. फाईल बंद केली. मग खाली जाऊन चहा ठेवला. मोठं काम केल्यासारखं तिला वाटत होतं.

प्रिया पाचला आली. मार्कशीट सासूबाईंच्या हातात दिली, पाणी प्यायली आणि सरावाला वर आली. छाया चहाचा कप घेऊन तिच्यामागं उभीच होती. प्रियाची बोटं गेली, गिट बघ. गिटनं ओळख दाखवली नाही. प्रियानं दुसरा शब्द लिहिला, छायाला माहीत नसलेलाच कुठलातरी. तोही नाही. तिसरा लिहिला. तोही नाही. मग तिनं फाईल उघडली. दोन ओळी.

"कुणी काढलं?" तिनं विचारलं.

"मी," छाया म्हणाली. "आता बघ कशी खऱ्या नावांनी येतेस ताळ्यावर."

 प्रियानं खुर्ची पुढं ओढली आणि लिहायला सुरुवात केली. स्टेटस. ॲड. कमिट. पुश. ते तर सोपेच, पण ती थांबली नाही. तिनं दोन कामं वेगळी केली, एकत्र आणली, मागच्या चार पायऱ्या उलगडून त्यांचा क्रम बदलला आणि परत नीट लावल्या. हे शेवटचं करायला छाया स्वतः भीत असे. बारा वर्षांत दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा काम बिघडलं होतं. प्रियाची बोटं कुठं अडखळली नाहीत. गिट एकदाही खेकसला नाही. हे सगळं होईपर्यंत छाया तिच्यामागं उभी होती. तिच्या हातातला चहा गार झाला.

"तुला... येतंय?" ती म्हणाली.

"येतंय गं ताई. वर्ष झालं."

"मग खोपोलीत?"

"खोपोलीत हात चुकला. दुसऱ्यांदा बरोबरच लिहिणार होते. तू कीबोर्ड घेतलास."

छाया जाऊन बसली, आपल्या खुर्चीवर नाही, जिन्याच्या वरच्या पायरीवर.

"त्या फाईलीत अडतीस होते," प्रिया म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं, असं छायाला वाटलं. "सात तुझे. एकतीस मी केले होते. उजवीकडं खरा हुकूम लिहिल्याशिवाय शब्द बनतो का ताई? तूच शिकवलं होतंस ना?"

आता ही गोष्ट पहिल्या दिवसापासून छायाला ठाऊक. डावीकडचा शब्द कोणीही सुचवेल, उजवीकडचं ज्याला येतं त्यालाच तो बनवता येतो. सात शब्द हिनं करून दिले, त्यांच्याकडं बघून त्या पोरीनं उजवी बाजू वाचली, समजून घेतली, आणि पुढं निघून गेली. आणि ही कॅलेंडरच्या पाठीवर तिला ॲड म्हणजे काय शिकवत बसली होती.

"परत येतील का गं?" छायानं विचारलं.

"कुठून? ठेवलेच नव्हते कुठं."

हे मात्र खरं नवल. ओळ बदलली, बांध. पावतीतला स्वल्पविराम बदलला, बांध. दोन वर्षांत ह्या दोघींनी हजारभर पायऱ्या बांधून ठेवल्या असतील, कुठलीही मागची गोष्ट मागा, गिट काढून देईल. आणि ही एक फाईल तेवढी दोघींपैकी कुणाला बांधावीशी वाटली नव्हती. घरचीच वस्तू, ती कुठं जाते, असं धरून चाललेल्या.

"कशाला हवी होती मला माहितीये?" प्रिया म्हणाली. "नोकरी लागली तर तिकडच्या मशीनवर पहिल्या दिवशी ती फाईल टाकणार होते. म्हणजे तिथं पण आपल्याच शब्दांत काम केलं असतं. एकटं वाटलं नसतं." एवढं बोलून ती खाली गेली आणि भाजी चिरायला बसली.

त्या संध्याकाळी चंद्राबाईंची इच्छा पुरी झाली. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हातारीला ते दहा मिनिटंसुद्धा सोसलं नाही. "काय झालंय गं तुमाला?" त्या विचारत राहिल्या, आणि दोघींनी एकदमच सांगितलं, काही नाही.

रविवारी सकाळी छाया माडीवर गेली ती सरळ भिंतीजवळच्या टेबलापाशी जाऊन बसली. फाईल उघडली. खालून प्रियाला हाक मारली. प्रिया आली, ओढणीला हात पुसत.

"चुकले मी," छाया म्हणाली. "विचारायला हवं होतं. आता तू सांग, मी लिहिते. आठवतील तेवढे."

हे वाक्य छायानं आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल? एकदाही नाही. प्रियालाही ते कळलं असावं. तिनं खिडकीजवळची खुर्ची, म्हणजे छायाचीच, ओढून घेतली आणि सांगायला लागली. आधी छायाचे सात. मग स्वतःचे.

एक शब्द होता 'शोध'. एखादी ओळ पहिल्यांदा कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून आली ते काढून देणारा. छाया लिहिता लिहिता थांबली. मागच्या एप्रिलमध्ये एका काट्याच्या पावतीवर दर ट्रकमागं वीस किलो जास्त यायला लागले होते. दोन दिवस सगळे डोकं धरून बसले होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी छायाला लॅपटॉप उघडल्या उघडल्या चूक सापडली होती. युनूसभाईंनी पेढे धाडले होते तिच्या नावानं.

"ती चूक असलेली फाईल माझ्या पडद्यावर उघडी कशी होती तेव्हा?" तिनं विचारलं.

"मीच उघडून ठेवली होती," प्रिया म्हणाली. "त्याच ओळीवर. तुला दिसावी म्हणून."

"आणि पेढे मी खाल्ले."

"मला पण दिलेस ना चार."

पुढचा शब्द होता 'ताई'. छायानं उजवीकडचा हुकूम लिहिला आणि मग वाचला. आज सकाळपासून छायानं काय काय काम बांधून धाडलंय ते दाखव, असा त्याचा अर्थ.

"हे कशाला?"

"खाली असले की कळायला," प्रिया म्हणाली. "धडाधड येत असलं की समजायचं, तंद्री लागलीये, हाक मारायची नाय. तासभर काहीच आलं नाय की समजायचं, अडलीये. मग चहा घेऊन वर यायचं."

छायानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. वर्षभर तिला वाटत होतं, की आपलं डोकं चालेनासं झालं की नेमका चहा कसा येतो, नशीबच चांगलं म्हणायचं. हे नशीब ह्या पोरीनं एका ओळीत लिहून ठेवलं होतं आणि आपण ते काल पुसून टाकलं. तिला रडू आलं आणि ती रडली. प्रिया तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि पुढचा शब्द सांगत राहिली.

जेवणापर्यंत तेहतीस झाले. राहिलेले पाच काही केल्या प्रियाला आठवेनात. "जाऊ दे," ती म्हणाली. "गरज लागली की परत करीन." छायानं मग न सांगता पहिलं काम केलं ते म्हणजे ती फाईल बांधली आणि धाडली. एक प्रत प्रियाच्या पेन ड्राइव्हवर घातली.

सोमवारी पहाटे प्रिया गेली. सुनील नेरळ स्टेशनपर्यंत सोडायला गेला होता. पेन ड्राइव्ह मात्र टेबलावरच राहिला, छायाच्या कीबोर्डवर ठेवलेला. विसरली म्हणावं तर इतका मधोमध? छायानं फोन केला. प्रिया गाडीत होती. "परीक्षेत तो लावू देत नाहीत गं. आणि नकोच. बघू दे मला, नुसत्या हातांनी काय होतंय ते." फोन कटला. त्यानंतर तो बंदच येत होता.

त्या दिवशी छायानं काय काम केलं ते विचारू नका. एक पायरी तिनं तीनदा बांधली आणि तीनदा सोडवली. अकरा वाजता युनूसभाईंचा फोन आला, लागली का पोरगी? अजून नाय. बारा वाजता परत. "छायाताई, मी गुरुवारी हसलो ते तुमी मनावर घेतलं नाय ना? मी माझ्या पण मशीनवर घालून घेतले तुमचे ते सात. माझी बायको सफुरा म्हणते, घरात पण आता बांध न् धाड चाललंय तुमचं." चंद्राबाई देवापुढचा दिवा दोनदा लावून गेल्या. छाया उठायची, खिडकीतून शेताच्या बांधाकडं बघायची, परत बसायची. दोन वाजून गेले, अडीच झाले.

आणि मजा अशी की ती मनातून काय मागत होती ते तिचं तिलाच धड कळत नव्हतं. लागू दे नोकरी, असं ती म्हणत होती, तोंडानं आणि मनानं दोन्हीकडून. पण मन म्हणजे काही एकमजली घर नसतं.

तीनला पाच कमी असताना फोन वाजला.

"ताई, घेतलं मला," प्रिया म्हणाली. मागं रस्त्याचा आवाज होता. "एक तारखेपासून या म्हणाले."

छायाला शाब्बास म्हणायचं होतं. सकाळपासून घोकून ठेवलं होतं तिनं. त्याऐवजी तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना? चार तासांचं काम सव्वातीन तासांत झालं. मग वेळ उरला म्हणून तुझे सात टाकले त्यांच्या मशीनवर. हात शांत बसेनात. तो बघणारा माणूस म्हणाला, हे कुणाचे शब्द? मी म्हटलं, माझ्या जावेचे. त्याला मराठी येत नव्हतं. जाऊ म्हणजे काय ते सांगता सांगता पुरेवाट झाली माझी. नवऱ्याच्या भावाची बायको, असं म्हटलं तर कुणी परकीच वाटते. शेवटी म्हटलं, माझी मोठी बहीण."

"प्रिया," छाया म्हणाली, "तुला एक सांगते. मग तू मला काय म्हणायचं ते म्हण."

"सांग की."

"गुरुवारी युनूसभाईंकडं मला वाटलं, तुला येत नाय. तेव्हा मला वाईट वाटलंच. पण त्याच्या आधी बरं वाटलं होतं. येत नाय तर जाणार नाय म्हणून. अर्ज मीच भरला आणि मलाच बरं वाटलं. अशी हाय मी."

पलीकडं एक बस हॉर्न वाजवत गेली. 

"माहीत हाय मला," प्रिया म्हणाली.

"कसं?"

"टेंपोत माझा हात धरून बसली होतीस. खोपोलीपासून घरापर्यंत. शिकवते शिकवते म्हणत होतीस आणि हात सोडत नव्हतीस. एवढं नाय का कळत मला?"

छाया भिंतीजवळच्या टेबलापाशी जाऊन बसली.

"आणि मी वर्षभर का गप्प बसले, ते नाय विचारलंस तू," प्रिया म्हणाली. "मला सगळं येतंय हे तुला कळलं असतं, तर तू गेल्या वर्षीच माझा अर्ज भरला असतास. तुझा स्वभाव मला ठाऊक नाय का? जीव तुटला असता तुझा, तरी भरला असतास. म्हणून सांगितलं नाय. मला पण जायचं नव्हतं गं ताई. अजून पण नाय. पण आता जाते."

छायानं फोन कानाला तसाच धरून ठेवला, जिन्याच्या तोंडाशी आली आणि खाली हाक मारली, "आई, प्रियाला नोकरी लागली."